सातव्या मजल्यावरची फाउंड्री

फाउंड्री कुठे असावी याबद्दल सहसा वाद होत नाही. ती जमिनीवर असावी. वितळलेला धातू सांडला तर मातीत जिरावा, भट्ट्यांचे आणि वाळूच्या ढिगांचे ओझे धरणीने पेलावे, खाली माणसे बसलेली नसावीत, इतकी साधी कारणे त्यामागे आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९३३ साली उघडलेल्या एका इमारतीत मात्र फाउंड्री सातव्या मजल्यावर होती. तिथे ओतकामाच्या वाळूची जमीन केलेली होती, भट्ट्या होत्या, धातू वितळवण्याचा सगळा सरंजाम होता. तो धातू साच्यांत ओतणारी होती चौदा ते अठरा वर्षांची मुले, कारण ही इमारत म्हणजे शाळा होती. ब्रुकलिन टेक्निकल हायस्कूल असे तिचे पूर्ण नाव. तिथली माणसे तिला ‘ब्रुकलिन टेक’ किंवा नुसते ‘टेक’ म्हणतात.

शाळेत भट्टी पेटवण्याची कल्पना टेकच्या बरीच आधीची आहे. १८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली म्हणून फिलाडेल्फियात मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयाने आपल्या मुलांनी केलेले नमुने मांडले होते. व्हिक्टर डेला-व्होस या तिथल्या संचालकाने हातकामाचे शिक्षण गणितासारखे पायरीपायरीने बांधले होते: आधी एक सांधा, मग त्याहून अवघड सांधा, आधी सरळ पृष्ठभाग कानशीने घासणे, मग कोन. मुलाने वस्तू तयार करून विकावी असा त्यात हेतूच नव्हता. हत्यार शिकावे एवढाच होता. एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल ते पाहून भारावले. कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी १८८० साली सेंट लुईसमध्ये ‘मॅन्युअल ट्रेनिंग स्कूल’ उघडले, आणि थोड्याच वर्षांत अशा शाळा अमेरिकेच्या शहराशहरांत निघाल्या. ब्रुकलिनमध्येही एक निघाली. ब्रुकलिन १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते. गोद्या, साखरेचे कारखाने, यंत्रशाळा आणि नौदलाची प्रचंड गोदी असलेले, न्यूयॉर्कच्या तुलनेत अधिक घामट आणि अधिक काजळलेले.

पण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वारे फिरले. हात आणि डोके एकत्र शिकवण्याची भाषा मागे पडली आणि कारखानदारांना तयार कामगार हवे आहेत, तर शाळांनी ते पुरवावेत ही भाषा पुढे आली. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने धंदेशिक्षणासाठी केंद्राचा पैसा मोकळा केला. परिणाम ठरल्यासारखा झाला: एका बाजूला लॅटिन आणि बीजगणित शिकून कॉलेजात जाणारी मुले, दुसऱ्या बाजूला लेथवर उभी राहणारी. कोण कोणत्या बाजूला जाणार हे बहुधा बापाच्या पगारावर ठरे. या फाळणीला सर्वांत कडाडून विरोध केला तो जॉन ड्युई यांनी. तेव्हा ते कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते, आणि १९१३ ते १९१६ या वर्षांत तिथे शिकणारे भीमराव आंबेडकर त्यांची व्याख्याने ऐकत होते. माणसाला कामाप्रमाणे कप्प्यांत बंद करणारी व्यवस्था लोकशाहीला कशी मारक असते, हे ज्या विद्यार्थ्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तो नेमका त्या वर्गात होता. असो.

या सगळ्या गदारोळात १९१८ साली ब्रुकलिनच्या मॅन्युअल ट्रेनिंग हायस्कूलमधल्या गणित विभागाच्या प्रमुखाने एक प्रस्ताव मांडला. अल्बर्ट कोल्स्टन हे त्याचे नाव. ब्रुकलिनच्या मुलांसाठी एक तांत्रिक हायस्कूल काढावे. त्यात गणित, विज्ञान आणि ड्रॉइंग यांचा भरणा असावा. आणि त्यातून दोन वाटा निघाव्यात, एक कॉलेजकडे, दुसरी थेट उद्योगाकडे. दोन्ही वाटांवरच्या मुलांनी पायाभरणी मात्र एकच करावी. वरकरणी हा मवाळ प्रस्ताव वाटतो. पण १९१७ च्या कायद्यानंतर लगेच ‘दोघांना एकाच छपराखाली, एकाच फळ्यासमोर बसवा’ असे म्हणणे म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध चालणे होते. हे म्हणणारा माणूस कार्यशाळेचा उस्ताद नव्हता, गणिताचा मास्तर होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. भूमितीतले प्रमेय आणि सुताराचा गुण्या यांत नाते आहे हे सुताराला ठाऊकच असते. गणिताच्या मास्तरांना ते पटणे अवघड.

शिक्षण मंडळाला पटायला चार वर्षे लागली. १९२२ साली शाळा सुरू झाली ती एका गोदामात. फ्लॅटबुश अ‍ॅव्हेन्यू एक्स्टेन्शनवर, क्रमांक ४९, मॅनहॅटन पुलाच्या सावलीत. २,४०० मुलगे होते. पुलावरून आगगाड्या जात, खाली मालगाड्यांची आणि ट्रकांची वर्दळ, आणि मधे गोदामात भिंती घालून केलेले वर्ग. शाळेच्या मुद्रेवर आजही पूल आहे तो याच शेजारामुळे. बहुतेक शाळा आपल्या मुद्रेवर दिवा, पुस्तक किंवा उगवता सूर्य काढतात. या शाळेने डोक्यावरचा लोखंडी सांगाडा काढला.

गोदाम पुरणार नव्हतेच. फोर्ट ग्रीन उद्यानासमोर डीकॅल्ब अ‍ॅव्हेन्यूला लागून जागा ठरली आणि १९३० साली कुदळ पडली. हे वर्ष लक्षात घ्यायला हवे. ऑक्टोबर १९२९ मध्ये वॉल स्ट्रीट कोसळलेले, बँका बुडत असलेल्या, रस्त्यांवर भाकरीसाठी रांगा. आणि अशा वेळी शहर एका सरकारी शाळेवर सुमारे ६० लाख डॉलर घालत होते. १९३३ मध्ये बारा मजल्यांची इमारत उभी राहिली. अर्ध्याहून जास्त ब्लॉक तिने व्यापला. तिच्या सभागृहात ३,१०० खुर्च्या आणि दोन बाल्कन्या. न्यूयॉर्कमध्ये याहून मोठे सभागृह फक्त रेडिओ सिटी म्युझिक हॉलचे, असे टेकवाले अभिमानाने सांगतात. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, शेकोटी असलेले ग्रंथालय. शिक्षण मंडळाचे स्वतःचे नभोवाणी केंद्र पुढे याच इमारतीतून चालू लागले आणि छतावर त्याचा मनोरा चढला. ब्रुकलिनच्या आकाशरेषेत तो आजही लांबून ओळखू येतो.

पण इमारतीचा जीव होता तिच्या कार्यशाळांत. सुतारकाम, पत्रेकाम, यंत्रकाम, पॅटर्न-मेकिंग, फाउंड्री. आणि त्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, यात खरी गोम आहे. मुलगा आधी ड्रॉइंग बोर्डावर बसे. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, पेन्सिल, नंतर शाई. त्याने काढलेल्या आराखड्यावरून तो पॅटर्नच्या कार्यशाळेत लाकडाचा नमुना करी. इथे पहिला धडा मिळे: नमुना आराखड्याच्या मापाचा करून चालत नाही. धातू थंड होताना आकसतो, ओतीव लोखंड फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच, म्हणून नमुना तेवढा मोठा हवा. शिवाय तो वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याच्या कडांना किंचित उतार हवा. हा उतार कागदावर सुचत नाही. साचा एकदा ढासळला की सुचतो. मग तो नमुना घेऊन सातव्या मजल्यावर. ओलसर वाळू पेटीत ठासायची, नमुना काढून घ्यायचा, धातू जायला वाट आणि हवा निघायला वाट ठेवायची, आणि ओतायचे. निघालेला ओबडधोबड जॉब पुन्हा यंत्रशाळेत; लेथवर, मिलिंगवर चढवून आराखड्यात लिहिलेल्या मापाला आणायचा. जिथून निघालो त्या कागदाशी शेवटी हिशेब जुळवायचा. चुकले असेल तर नेमके कुठे चुकले हे शोधत मुलाला सगळा जिना उलटा उतरावा लागे: यंत्रावर जास्त कापले, की वाळू कच्ची होती, की नमुन्यातच सूट धरली नाही, की मुळात रेषाच चुकली?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीत ज्यांनी ओतकाम पाहिले आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. तिथले कसबी कारागीर हे सगळे रोज करतात. फरक इतकाच की कारखान्यात ड्रॉइंग करणारा, नमुना करणारा, ओतणारा आणि लेथवाला हे चार वेगळे लोक असतात, चार वेगळे पगार असतात, आणि बऱ्याचदा चार वेगळ्या जातीही. कोल्स्टन यांच्या शाळेत हे चौघे एकाच पोराच्या अंगात भरले जात होते. कॉलेजला जाऊन इंजिनियर होणार असलेल्या मुलालाही वाळू ठासावी लागे, आणि कारखान्यात जाणार असलेल्यालाही भौतिकशास्त्राची गणिते सोडवावी लागत.

बाकीच्या प्रयोगशाळांची यादी लांब आहे. पदार्थांची ताकद तपासणारे, उद्योगात वापरतात तेवढ्या क्षमतेचे यंत्र होते. मुले त्यात सळई ताणून तोडत आणि ती किती भाराला तुटली ते लिहून ठेवत. विमानशास्त्राच्या प्रयोगशाळेत वाऱ्याचा बोगदा होता. १९६० च्या दशकात तर हवाई दलाने मोडीत काढलेले एक टी-६ टेक्सन जातीचे सराव-विमान इमारतीत आणून ठेवले होते, मुलांनी उघडून-जोडून शिकावे म्हणून. प्रवेशद्वाराच्या दालनात मॅक्सवेल स्टार या चित्रकाराने १९४१ मध्ये पूर्ण केलेले भव्य भित्तिचित्र आहे. मंदीत बेकार झालेल्या कलावंतांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून ते झाले. विषय: बौद्धिक आणि शारीरिक श्रमांतून घडलेला मानवाचा इतिहास. हे दोन शब्द एका वाक्यात घालण्याची सोय त्या शाळेत होती.

कोल्स्टन १९४२ पर्यंत मुख्याध्यापक राहिले. तोवर युद्ध दाराशी आले होते. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर नौदलाची गोदी, आणि युद्धाच्या भरात तिथे सत्तर हजारांच्या आसपास माणसे कामाला. जानेवारी १९४४ मध्ये तिथून ‘मिझुरी’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. पुढच्या वर्षी २ सप्टेंबरला टोकियोच्या उपसागरात तिच्याच डेकवर जपानने शरणागतीवर सही केली. असा शेजार असताना ड्रॉइंग, ओतकाम, यंत्रकाम कशासाठी शिकायचे असा प्रश्न ब्रुकलिनच्या पोराला पडत नसे. उत्तर रस्त्याच्या टोकाला उभे होते.

टेकमध्ये कोणती मुले येत याचा एक नमुना म्हणून आर्नो पेन्झियास यांचे उदाहरण घेता येईल. जन्म १९३३, म्युनिकच्या ज्यू कुटुंबात. सहाव्या वर्षी, १९३९ मध्ये, धाकट्या भावाबरोबर त्याला आगगाडीत बसवून इंग्लंडला धाडले गेले. आईवडील मागून निसटले आणि १९४० च्या सुरुवातीला सगळे न्यूयॉर्कला पोचले. वडिलांना मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या सुतारशाळेत काम मिळाले. मुलगा १९५१ साली ब्रुकलिन टेकमधून बाहेर पडला, फी नसलेल्या सिटी कॉलेजात गेला आणि पुढे बेल प्रयोगशाळेत. १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे तो आणि रॉबर्ट विल्सन एका मोठ्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनातून येणारी खरखर काही केल्या जाईना म्हणून हैराण झाले होते. त्यांनी सांधे तपासले, पत्रा नीट केला, आत घर केलेली कबुतरे हाकलली, त्यांची घाण खरवडली. खरखर राहिलीच. ती विश्वाच्या जन्मापासून उरलेली ऊब होती, आणि १९७८ चे नोबेल तिच्यासाठी मिळाले. पत्रा साफ करण्यात कमीपणा न मानणे शाळेने शिकवले असे म्हणणे धाडसाचे होईल. मी म्हणत नाही. पण सुताराचा मुलगा, निर्वासित, फुकट शाळा, फुकट कॉलेज ही साखळी त्या काळच्या न्यूयॉर्कने मुद्दाम घडवली होती, आणि टेक तिची एक भक्कम कडी होती. याच शाळेतून १९५८ मध्ये बाहेर पडलेला टॅक्सी-ड्रायव्हरचा मुलगा लेनर्ड रिजिओ पुढे ‘बार्न्स अँड नोबल’ या पुस्तकांच्या दुकानांच्या साखळीचा मालक झाला. टीव्हीवर हिरवा रंग फासून ‘हल्क’ झालेला लू फेरिग्नोही इथलाच.

मुली मात्र नव्हत्या. जवळपास अर्धशतक नव्हत्या, आणि ते कुणाला खटकतही नव्हते. जानेवारी १९६९ मध्ये मॅनहॅटनच्या स्टायव्हसंट हायस्कूलमध्ये प्रवेश-परीक्षेला बसू द्यावे म्हणून एका तेरा वर्षांच्या मुलीने कोर्टात दावा लावला. ती शिकत होती ब्रुकलिनच्या जॉन जे हायस्कूलमध्ये. म्हणजे कोल्स्टन जिथले गणिताचे मास्तर होते त्याच जुन्या मॅन्युअल ट्रेनिंग हायस्कूलमध्ये, नाव तेवढे बदललेले. निकाल लागायच्या आत शिक्षण मंडळाने माघार घेतली आणि स्टायव्हसंटचे दार उघडले. टेकने पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, मुलींना घेतले. त्या मुलीला स्वतःला स्टायव्हसंट काही लाभले नाही. तिचे कुटुंब शहर सोडून गेले.

पण तोवर मुलींनी शिकायचे ते जगच आकसू लागले होते. नौदलाची गोदी १९६६ मध्ये बंद झाली. १९५० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये कारखान्यांतल्या सुमारे १० लाख नोकऱ्या होत्या. १९८० पर्यंत त्या निम्म्यावर आल्या. कारखाने दक्षिणेला गेले, परदेशात गेले, मोडीत निघाले. आपल्या गिरणगावाची गोष्ट सांगताना आपण संपाचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवतो. न्यूयॉर्कच्या घसरणीला असे एक वर्ष नाही. ती हळूहळू झाली, आणि तिचा परिणाम सातव्या मजल्यापर्यंत पोचायला वेळ लागला. वाळू ठासणाऱ्या पोराला आता बाहेर कुणी वाळू ठासायला बोलावणार नव्हते. एकेक कार्यशाळा बंद होत गेली, यंत्रे हलली, खोल्यांचे वर्ग झाले, वर्गांत संगणक आले. फाउंड्रीही गेली.

नेमके याच काळात शाळेच्या दुसऱ्या एका गोष्टीला मात्र कायद्याचे कवच मिळाले. ती गोष्ट म्हणजे प्रवेश-परीक्षा. टेक, स्टायव्हसंट आणि ब्राँक्स सायन्स या तिन्ही शाळा परीक्षा घेऊनच मुले निवडत. या परीक्षा काळ्या आणि पोर्तो रिकन मुलांवर अन्याय करतात का, हे तपासायची भाषा १९७१ मध्ये शिक्षण मंडळाने सुरू करताच पालक आणि माजी विद्यार्थी खवळले, आणि त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने हेक्ट-कॅलांड्रा कायदा केला. या तीन शाळांत प्रवेश फक्त आणि फक्त स्पर्धा-परीक्षेने. मुलाचे वर्षभराचे गुण, शिक्षकाचे मत, काहीही धरायचे नाही. कोणत्याही महापौराला हे एकट्याने बदलता येऊ नये अशी तजवीज त्यात आहे. फाउंड्री वाचवायला असा कायदा कुणी केला नाही. तेव्हापासून ‘टेकची पोरे’ म्हणजे कोण, याचे उत्तर ती आत काय करतात यापेक्षा आत कशी आली यावरून देण्याची सवय शहराला लागली. मला या शाळेच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच वाटतो, आणि तो फारसा कुणी बदल म्हणून सांगत नाही.

या परीक्षेचे पुढचे वर्तन चमत्कारिक आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टेकमधली निम्म्याच्या आसपास मुले काळी होती. म्हणजे तीच परीक्षा, तोच कायदा, आणि तरी काळ्या ब्रुकलिनच्या होतकरू मुलांची ती हक्काची शाळा होती. आज त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आहे आणि निम्म्याहून जास्त मुले आशियाई कुटुंबांतली आहेत. कारणे एकाहून अनेक. परिसरातल्या सरकारी शाळांतले हुशार मुलांचे वर्ग एकेक करून बंद झाले, इतर शाळांचे पर्याय वाढले, नवे स्थलांतरित आले. आणि क्लासेस आले. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला बांगलादेशी मंडळींनी काढलेल्या क्लासच्या पाट्या वाचल्या तर लातूर किंवा कोटा ओळखीचे असलेल्या माणसाला काही समजावून सांगावे लागत नाही: गेल्या वर्षी कितींना लागली, कुठे लागली, फोटो. टॅक्सी चालवणारे, हॉटेलात भांडी घासणारे आईबाप रविवारच्या बॅचचे पैसे साठवतात. त्यांना नावे ठेवणे मला जमत नाही. दरवर्षी पंचवीस-तीस हजार मुले इंग्रजी आणि गणिताचा तीन तासांचा पेपर देतात. या परीक्षेने मुले घेणाऱ्या शाळांत सहा हजारांच्या घरातली विद्यार्थिसंख्या असलेले टेक सर्वांत मोठे, म्हणून सर्वांत जास्त जागा तिथे. हातात कानस धरता येते का, हे त्या पेपरात कुणी विचारत नाही, आणि विचारून उपयोगही नाही.

२०१८ मध्ये महापौर बिल दि ब्लासिओ यांनी ही परीक्षा काढून टाकावी, प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या वरच्या मुलांना जागा द्याव्यात असा प्रस्ताव आणला. त्यांचा स्वतःचा मुलगा परीक्षा देऊन ब्रुकलिन टेकमध्येच शिकलेला होता, याची आठवण विरोधकांनी त्यांना वेळोवेळी करून दिली. आशियाई पालक रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी प्रस्ताव विधिमंडळात बारगळला.

शाळेच्या रचनेत कोल्स्टन यांची एक खूण टिकून आहे. कॉलेजात निवडावी तशी शेवटच्या दोन वर्षांसाठी एक शाखा इथे निवडावी लागते, आणि ड्रॉइंगचा अभ्यास अजूनही वाट्याला येतो, फक्त तो पडद्यावर चालतो. माजी विद्यार्थ्यांनी १९९० नंतर कोट्यवधी डॉलर उभे केले; त्यांतून प्रयोगशाळा सुधारल्या, रोबो बनवण्याच्या खोल्या झाल्या. यंत्रकाम, विमानशास्त्र, वास्तुकला, सॉफ्टवेअर अशा शाखा आहेत. कायदा आणि समाज या विषयाचीही एक शाखा आहे. तिच्यासाठी इमारतीत एक लुटुपुटीचे न्यायालय बांधले आहे, आणि ज्या शाळेत रेषा चुकली की पोरगे स्वतःच्याच नमुन्यावर खटला चालवत असे, तिथे आता पोरे एकमेकांची उलटतपासणी घेतात.